बंद घरातले बांगड्याचे काटे

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आजवर तोंडावर सांगत आले — बाबा रे, तुला कामं कमी आहेत. भूत बघायला सवड लागते, ती मला कधी मिळाली नाही. माहेरी आमच्या घरामागे मसण होतं, तिथून पाणी भरलं. लग्नानंतर परळच्या चाळीत राहिले. तिथे सगळ्यांना जिन्यात पांढरी बाई दिसायची. मला जिन्यात फक्त लोकांनी टाकलेलं खरकटं दिसायचं, आणि ते उचलायचं कोणी यावरून भांडण. तेव्हा "आजी भोळी आहे" असं कोणी समजू नये. शिक्षण चौथीपर्यंत आहे, पण डोळे चांगले आहेत, मोतीबिंदू काढून झालेत. हे टाइपही मीच केलंय, एका बोटाने. चुका असतील तर तशाच वाचा.

आम्ही घाटकोपर पश्चिमेला राहतो, एलबीएस रोडच्या आतल्या बाजूला, झोपडपट्टी पाडून बांधलेल्या बिल्डिंगमध्ये, तिसऱ्या मजल्यावर. घरात मी आणि आमचा म्हातारा. म्हातारा गिरणीत होता. गिरणी बंद पडली तशी वॉचमनकी केली. आता डोकं गेलंय. गिरणी आठवते, आंघोळ केली का ते आठवत नाही. मध्येच उठतो आणि पाळीला निघतो. मागे एकदा बनियन आणि अर्ध्या चड्डीवर निघाला तो देवनारला डम्पिंगच्या रस्त्यावर सापडला. एका कचऱ्याच्या गाडीवाल्याला विचारत होता, भोंगा झाला काय. तेव्हापासून मी खाली भाजीला गेले तरी दाराला बाहेरून कुलूप लावते. लोक म्हणतात, नवऱ्याला कोंडते. लोकांनी एक दिवस येऊन त्याच्याजवळ बसावं, मग बोलावं.

मुलगी संध्या अंधेरीला कंपनीत आहे, रविवारी येते. तिचं एकच पालुपद. पनवेलकडे एक जागा आहे, बाबांना तिथे ठेवू या. "आश्रम नाही गं आई, केअर सेंटर." मी म्हणते, नाव बदललं म्हणून काय झालं? मी मेले की ठेव. तोवर नाही.

शेजारी फिलोमिना राहते, आम्ही फिलू म्हणतो. घाटकोपरच्याच जुन्या गावठाणातली, ख्रिश्चन, पण मराठी माझ्याहून चुरचुरीत. कधी बाहेर जायचं झालं तर कुलपाची किल्ली मी फिलूकडे देते, ती मध्ये डोकावून येते. ही पद्धत पाच मजल्यांना ठाऊक आहे.

तर या फिलूच्या मोबाईलवर कोणीतरी पाठवलं — मुंबईतल्या न पाहिलेल्या बागा आणि म्युझियम. तिने माझा पिच्छाच घेतला. मुलुंडला डोंगराच्या बाजूला एक बाग आहे. आत कुठल्या तरी शेठचा जुना बंगला, त्यात म्युझियम. नाव लिहीत नाही, तिथल्या वॉचमनची नोकरी जायची. रविवारी संध्या घरी असते तेव्हा गेलो असतो, तर रविवारी म्युझियम बंद. ज्या दिवशी माणसांना सुट्टी त्याच दिवशी ह्यांनाही सुट्टी. शेवटी फिलू म्हणाली, "चल गं शालन, गुरुवारी जाऊ. सकाळी निघू, जेवायच्या आधी परत. किती वर्षं झाली तुला त्या गल्लीतून बाहेर पडून?"

गेले. म्हाताऱ्याला न्याहारी दिली, दुपारची पेज करून झाकून ठेवली, गोळी वाटीत काढून ठेवली, कुलूप लावलं. किल्ली कमरेला. बस मुलुंडच्या हद्दीत शिरली तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की नेहमी किल्ली जिच्याकडे देते ती बाई माझ्या शेजारच्या सीटवर बसून शेंगदाणे खातेय.

"फिलू, घरात कोण डोकावणार?"

"अगं बाई…" फिलू म्हणाली. मग म्हणाली, "असू दे. दोन तासांत आलोच परत."

म्युझियमचं सांगते. तिकीट काढून आत गेलो. काचेच्या मागे काय? जातं. पाटा-वरवंटा. घंगाळ. रवी. काथ्याची खाट. खाली पाटी — स्पर्श करू नये. मी फिलूला म्हटलं, "हा पाटा माझ्याकडे आहे, काल त्यावर खोबरं वाटलं. माझ्या घराला पण तिकीट लाव." वॉचमन म्हणाला, "मावशी, काच को हात मत लगाओ." मी हात लावलाच नव्हता. वरच्या मजल्यावर शेठची छत्री आणि शेठचे बूट. बघितले. पाय दुखायला लागले. म्हटलं, झालं, चला घरी.

आता नीट वाचा. ती बाग काही राणीबागेएवढी नाही. बंगल्याच्या पायऱ्या उतरलं की फरशीची वाट, दोन्हीकडे मेंदीचं कुंपण, एक वळण, एक मोठं चिंचेचं झाड आणि समोर फाटक. येताना मधे थांबून फिलूने दम घेतला होता तरी चटकन पोचलो होतो. दुसरं फाटक आहे, पण ते बंद करून ठेवलंय. म्हणजे चुकायला जागाच नाही.

चालायला लागलो. मेंदी, वळण, चिंच… आणि समोर बंगल्याच्या पायऱ्या.

फिलू म्हणाली, "तुझ्या बडबडीत उलट्या बाजूला वळलो." परत निघालो. या वेळी मी तोंड बंद ठेवलं. मेंदी, वळण, चिंच. परत बंगला. तोच वॉचमन खुर्चीत बसून मोबाईल बघतोय.

"भैया, गेट किधर?"

"सीधा जाओ, मावशी. सामने दिखता है."

दिसत होतंच की! पायऱ्यांवरून फाटकाचं निळं पत्र्याचं दार दिसत होतं, बाहेरची रिक्षा दिसत होती. त्या दारावर नजर ठेवून निघालो. फिलूने माझा पदर धरला होता. चिंचेपाशी आलो, आणि माझी पापणी लवली असेल-नसेल… पुढ्यात पायऱ्या. वॉचमन हसायला लागला. त्याला वाटलं, म्हाताऱ्या टाइमपास करतायत.

समोरून शाळेची पोरं रांगेत निघाली. मी म्हटलं, ह्यांच्या मागे लागू. पोरं किलबिलत पुढे, आम्ही मागे. पोरं फाटकाबाहेर गेली, मी माझ्या डोळ्यांनी बघितली, बाई त्यांना मोजत होती. आणि आम्ही दोघी कुठे? शेठच्या बंगल्यासमोर, हातात पर्सा धरून.

भरदुपार. लख्ख ऊन. बाकड्यावर कॉलेजची जोडपी बसलेली. अशात कोणाला सांगणार? फिलूने क्रॉस केला, आवे मारिया म्हटली. मग परत चाललो आणि परत तिथेच आलो. आमच्याकडे चकवा लागला की चपला उलट्या घालतात. मी डावी उजव्या पायात आणि उजवी डाव्या पायात घातली. अंगठा सोलला, बाकी काही झालं नाही.

जेवायची वेळ होऊन गेली होती. म्हाताऱ्याला पुढ्यात ठेवल्याशिवाय कळत नाही की जेवायचं असतं. गोळी घेतली आणि पोटात काही नसलं की त्याला घाम सुटतो, डोळे फिरवतो. गेल्या खेपेला असाच न्हाणीत पडला होता. आणि दार बंद, किल्ली माझ्या कमरेला. मी संध्याला फोन लावला.

"आई, मी मीटिंगमध्ये आहे."

"आम्हाला बागेतून बाहेर पडता येत नाहीये."

"म्हणजे? गेट बंद आहे?"

"उघडं आहे."

"मग पडा ना बाहेर!"

शेवटी तिने फिलूला सांगितलं, मावशी, लोकेशन पाठवा. फिलूने पाठवलं, तिला असलं सगळं येतं. संध्या म्हणाली, सरळ चाला, मी बघतेय. आम्ही चाललो. ती फोनवर सांगतेय — हां, बरोबर, चला, चला… आलात गेटला… पडलात बाहेर. "आई, तुम्ही रस्त्यावर आहात. रिक्षा पकडा आणि घरी जा. मला उगाच घाबरवलंस." आणि फोन ठेवला.

माझ्यासमोर बंगला. पाटी — चपला बाहेर काढा.

तेव्हा मात्र माझं डोकं सटकलं. पायऱ्यांवर बसले. फिलूला म्हटलं, बस. आमच्याकडे कोकणात प्रत्येक जागेला राखणदार असतो. त्याच्या हद्दीत शिरलं आणि काही अडलं तर त्याला गाऱ्हाणं घालतात. एकाने बोलायचं आणि बाकीच्यांनी "होय म्हाराजा" म्हणायचं. बाईमाणूस गाऱ्हाणं घालत नाही, ते पुरुषाचं काम. पण माझा पुरुष घाटकोपरला कुलपात होता.

"फिलू, मी बोलते, तू होय म्हाराजा म्हण."

"मी? फादरना काय सांगू?"

"फादरना बागेतून बाहेर काढायला बोलाव मग."

फिलू म्हणाली, "बोल, बोल."

मी हात जोडले. "बा देवा म्हाराजा, जो कोण ह्या जाग्याचो राखणदार असशीत तो…"

"होय म्हाराजा," फिलू पुटपुटली.

"आज ही दोन म्हातारी बायलमाणसा तुझ्या हद्दीत इली, तेंका वाट गावना नाय…"

"होय म्हाराजा!"

"आमचा काय चुकला असात तर माफ कर. नाय चुकला असात तर तुझा तरी काय चल्लाहा ह्या? माझो घोव घरात कुलपात उपाशी आसा. आमका सोडूचा नसात तर नको सोडू, बसतव हयच! पण मगे तेच्या पोटाचा तू बघ. मी हयसून हलाक शकनय नाय, तू तरी जा!"

"होय म्हाराजा!!" फिलू अशी ओरडली की जोडपी उठून दुसऱ्या बाकड्यावर गेली.

गाऱ्हाण्यात शेवटी नारळाचं तरी बोलायचं असतं. रागात ते राहिलं माझ्याकडून.

आणि काय झालं? काहीही झालं नाही. उठून चाललो, परत पायऱ्या. फिलू रडकुंडीला आली. मी बसून राहिले, म्हाताऱ्याचे फिरवलेले डोळे दिसत होते मला. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग एक माळी हातात पाण्याचा पाइप घेऊन आला, खेकसला, "चलो चलो, दोपहर को बगीचा बंद होता है." आमच्यामागे पाण्याचा फवारा मारतच त्याने आम्हाला हाकललं. मेंदी, वळण, चिंच, फाटक. बाहेर! जिथे कधीचं होतं तिथेच होतं. माळ्याने मागून दार लोटलं.

बसची वाट न बघता रिक्षा केली. जिना मी कसा चढले मला माहीत नाही, फिलू एक मजला मागे राहिली. कुलूप जसंच्या तसं. उघडलं.

म्हातारा खाटेवर भिंतीला टेकून बसला होता. घाम नाही, काही नाही. मला बघून म्हणाला, "सुपारी दी."

सुपारी तो जेवल्यावरच मागतो.

मी ओट्याकडे गेले. पेज झाकलेली तशीच, वर साय धरलेली. गोळीची वाटी रिकामी. आणि मोरीजवळ ताट. आमचंच ताट, कडेला पोचा आलेलं. त्यात भाताची चार शितं, लाल रस्सा सुकलेला आणि कडेने काटे. बांगड्याचे काटे. मधला कणा अख्खा काढून बाजूला, बारीक काटे एकावर एक ठेवलेले.

आमच्या घरात आता बांगडा येत नाही, कारण म्हाताऱ्याच्या घशात एकदा काटा अडकला आणि डॉक्टरांनी मासळीच बंद केली. त्यातून वार गुरुवार. गुरुवारी माझ्या घरात मासा शिजलेला नाही, लग्न झाल्यापासून नाही. सगळी भांडी बघितली, कोरडी. शेगडी थंड. खिडकीला गज. म्हाताऱ्याचा हात हुंगला… तिरफळाचा वास. तिरफळं घरात नव्हतीच, संपली ती परत आणलीच नाहीत, मासा नाही तर तिरफळं कशाला?

"काय खाल्लंत?"

"बांगड्याचा तिखला."

"कोणी दिलं?"

"तिना."

"तिना म्हणजे कोणी?"

म्हाताऱ्याने मलाच मूर्खात काढल्यासारखं बघितलं. "इली ती. काटे काढून दिल्यान. गोळी दिल्यान. हात पुसल्यान. गप होती. तुझ्यासारखी कचकच नाय."

फिलू धापा टाकत आली. तिने ताटात नाक घातलं. तिचा मासळीतला हात मला ठाऊक आहे. म्हणाली, "शालन, हा बांगडा. आजचा आहे, काल-परवाचा नाही." मग तिने मोबाईलवर फोटो काढला. मला आधी भीती वाटली नाही, राग आला. जो कोण आला, त्याने पेज समोर असताना डॉक्टरांनी नको म्हटलेला मासा दिला! काटा अडकला असता तर मी कोणाला धरलं असतं?

समोरच्या दारात जैन कुटुंब आहे. चांगली माणसं, पण पूर्वी मी सुकट भाजली की त्यांची सून अगरबत्ती घेऊन पॅसेजमध्ये यायची. तिला विचारलं. म्हणाली, "नाही आंटी, आज काही वास नाही आला. दारही नाही वाजलं." ती सकाळपासून दार उघडं टाकून पापड वाळवत बसली होती.

संध्या संध्याकाळी आली. सगळं ऐकलं. आधी वडिलांना बघितलं, मग मला बघत बसली, आणि ते बघणं मला आवडलं नाही. म्हणाली, "आई, तू सकाळी मासे करून गेलीस, आणि विसरलीस."

"मी गुरुवारी मासे करीन?"

"तेच तर म्हणतेय मी. तुझंही सुरू झालंय."

फिलू मध्ये पडली, "अगं मी होते ना बरोबर, आम्ही दोघी…"

"मावशी, तुम्ही पण ना…" संध्या म्हणाली. फोटो दाखवला तर म्हणते, फोटोत काटे दिसतात, ते कोणी खायला दिले ते कुठे दिसतंय? मी विचारलं, मग तू आम्हाला मोबाईलवर रस्त्यात कशी बघितलीस? तर म्हणे जीपीएस चुकतं. म्हणजे मशीन चुकलं तर चुकलं, आणि आई चुकली तर केअर सेंटर. त्या दिवसापासून ती एकाचं नाही, दोघांचं बोलायला लागली. पनवेलला दोघांची खोली मिळते म्हणे. म्हणून मी हे सगळं लिहून काढतेय. माझं डोकं ठिकाणावर आहे. मीच त्याला सांभाळते आणि मीच सांभाळणार.

पुढे मी एकटी परत त्या बागेत गेले, म्हाताऱ्यापाशी फिलूला बसवून. बोलायचा राहिलेला नारळ घेऊन. चिंचेखाली फोडायला गेले तर वॉचमन धावत आला, "नारियल फोड़ना मना है." म्हटलं, नुसता ठेवते. ठेवला. वळून बघते तर नारळ वॉचमनच्या खुर्चीखाली गेलेला. फाटक मात्र सरळ सापडलं. आत-बाहेर, आत-बाहेर चारदा करून बघितलं, कुठे काही नाही. मग दोन-तीनदा मुद्दाम घराला कुलूप लावून तासभर खाली बसून बघितलं. वर येऊन पाहावं तर म्हातारा उपाशी, आणि एकदा तर पेज सांडून त्यात बसलेला. येणाऱ्याने यायचं तर नेमाने यावं! एकदा येऊन बांगड्याची सवय लावायची आणि पुढे निस्तरायला मी, ही कुठली रीत?

म्हातारा आता पेज बघून तोंड फिरवतो. "ती कधी येतली?" विचारतो. मी ओरडते, तो म्हणतो, "ती गप होती." शेवटी वैताग आला. एका दुपारी ठरवलं, गप बाई हवी ना, घे गप बाई. पेज पुढ्यात ठेवली, लोणचं ठेवलं, चमचा हातात दिला. एक शब्द बोलले नाही.

म्हातारा चमचा धरून बसला. माझ्याकडे बघितलं. दाराकडे बघितलं. परत माझ्याकडे. कपाळाला आठ्या घालून, अनोळखी बाईला विचारावं तसं विचारलं, "शालन खंय गेली?"

"ही काय बसलीय समोर! डोळे फुटले काय?" मी ओरडलेच. "गिळा ती पेज, थंड झाली तर परत तापवणार नाही!"

"इलंस?" म्हणाला, आणि जेवायला लागला.

त्या गुरुवारी कुलपातून आत कोण गेलं, बांगडा कुठून आणला, आम्हाला बागेत कोणी धरून ठेवलं, मला माहीत नाही. फिलूला माहीत नाही. संध्याला माहीत आहे असं तिला वाटतं. तुमच्यापैकी कोणाला असं झालं असेल तर खाली लिहा. "आजी, डॉक्टरला दाखवा" असं लिहिणाऱ्यांनी लिहू नका, ते घरात ऐकतेच आहे.